हाकेची नावं लावणाऱ्या पाठकबाई

पाठकबाई गेल्या पौषात गेल्या. त्यांच्या मागं घरात रडणारं कोणी नव्हतं. पण अमरावतीच्या राजापेठेतल्या कितीतरी घरांच्या भिंतीवर त्यांच्या हातची लाकडी अक्षरं अजून आहेत. मी चौथी शिकलेला माणूस. लिहिणं माझं काम नाही, काच कापणं माझं काम. तरी लिहून राहिलो, कारण ती बाई मले शेवटपर्यंत पुरती समजली नाही. अन् जे समजत नाही ते डोक्यात वळवळत राहते.

माझं फ्रेमचं दुकान आहे. देवाचे फोटो अन् मेलेल्यांचे फोटो, ह्या दोन गिऱ्हाइकांवर माझी जिंदगी गेली. बाई पहिल्यांदा दुकानात आल्या तेव्हा मले वाटलं, कोणीतरी गेलं असेल. उंच, वाळकी बाई. चष्मा दोरीनं गळ्यात, हातात फोडणीच्या सामानाचा जुना पत्र्याचा डबा. नमस्कार नाही, काही नाही. डबा सरळ काउंटरवर उपडा केला. आत लाकडाच्या लहान चौकोनी चकत्या. एकेका चकतीवर एकेक अक्षर छापलेलं अन् खाली कोपऱ्यात बारीक आकडा.

"हे काय हाय बाई?"

"खेळ आहे."

"मंग खेळन्याच्या दुकानात न्या ना."

"मले फ्रेम पाहिजे. पेटीसारखी खोल. काच अक्षरांले टेकली नाही पाहिजे. जमते का नाही तेवढं सांगा, दुकानं मी शोधून घेईन."

अशी बोलणारी बाई. नंतर कळलं, त्या वकिलाच्या घराण्यातल्या, नवरा तरुणपणीच गेला, लेकरू नाही, अन् त्या लहान पोरांची शिकवणी घेत होत्या. पोरांनी अक्षरांले भिऊ नये म्हणून त्यांनीच हा खेळ काढला. सुताराकडून चकत्या कापून आणल्या. पोरांनी अक्षराले अक्षर लावून शब्द करायचे, आडवे, उभे, एकमेकांत अडकवून. अवघड अक्षराले जास्त मार्क, तो आकडा मार्कांचा. मग राजापेठेत गल्लीगल्लीत मोठमोठे क्लास निघाले, बापांनी पोरं तिकडं हलवली, बाईची शिकवणी बसली. "पोरं गेली," त्या म्हणत, "अक्षरं पोत्यानं राहिली. जाळू का मग?"

म्हणून त्या घराघरांची नावं जुळवायला लागल्या. बाप आडवा, माय उभी, दोघांत एखादं अक्षर सारखं असलं तर तिथं चौक. पोरं त्याच्यातून फुटलेल्या गल्ल्यांसारखी. मखमलीच्या पुठ्ठ्यावर चिकटवायचं अन् माझ्याकडं आणायचं. बाहेरची चौकट माझी.

लोक आकडा पाहून विचारत, हे काय? बाई म्हणत, "मार्क आहेत. तुमच्या सासूले तुमच्यापेक्षा जास्त पडले." लोक हसत. घरी जाऊन बेरीज करत असतील.

पण बाईचं खरं येड वेगळंच होतं. गिऱ्हाइकानं नावं लिहून दिली तर त्या कागदाकडं पाहतच नव्हत्या. म्हणायच्या, "तुमच्या घरी चहाले येते." अन् खरंच जात. दिवाणखान्यात खुर्चीवर बसत. चहा घेत, बिनसाखरेचा. पदराच्या गाठीतली बडीशेप तोंडात टाकत अन् नुसत्या ऐकत. कोण कोणाले काय हाक मारते, कोण पहिल्या हाकेत ओ देते, कोण तिसऱ्या हाकेलेही देत नाही. उठताना त्यांच्या डोक्यात फ्रेम तयार असायची.

"कागदावरचं नाव सरकारसाठी," त्या म्हणत. "ज्या हाकेले माणूस मान वळवते ते त्याचं नाव."

ह्या पायी माझ्या दुकानावर किती बोंबा झाल्या, काय सांगू. एका वकिलाच्या पोरांनी मायबापाच्या लग्नाच्या वाढदिवसाले फ्रेम सांगितली होती. बाई तिथं जाऊन बसून आल्या. फ्रेम झाली, मी काच बसवली, वकीलसाहेब स्वतः न्यायला आले. पाहतात तर सगळ्यांच्या मधोमध दुर्गा.

"ही कोण दुर्गा घातली?"

"तुमच्या घरी स्वयंपाकाले येते ती," बाई म्हणाल्या. त्या माझ्या स्टुलावरच बसल्या होत्या.

"अहो बाई, ती नोकर आहे!"

"असेल. मी बसले होते तितक्या वेळात तुमच्या घरात दुसरं नावच ऐकू आलं नाही. दुर्गे, चष्मा कुठे. दुर्गे, गॅस बंद कर. तुमच्या मिसेसले तर तुम्ही एकदाही हाक मारली नाही, त्यांचं नाव मले दुर्गेलेच विचारावं लागलं."

वकील लाल झाले. फ्रेम टाकून गेले. मी म्हटलं, "बाई, माह्या दुकानाची इज्जत घालवली तुमी." बाई म्हणाल्या, "तुमची काच चांगली बसली आहे, लावून ठेवा." मी ती दुकानातच टांगली, देवाच्या फोटोंच्या खाली. काही दिवसांनी वकिलाची बायको एकटीच आली. फ्रेमकडं बोट दाखवलं, मी कागदात गुंडाळून दिली, घेऊन गेली. कुठं लावली, कोणाले माहीत. बाईंले सांगितलं तर त्यांनी नुसतं "हूं" केलं. पण त्या दिवशी माझ्यासमोर चहा मागवला, अन् तोही साखरेचा.

दुसऱ्या एकदा एक नवं जोडपं आलं. मुलगी लाजत म्हणाली, "बाई, खाली तीन चकत्या कोऱ्या ठेवा ना. पुढं बाळ झालं की त्याचं नाव."

"कोरी चकती मी लावत नाही."

"पण डब्यात तर आहेत कोऱ्या..."

"त्या खेळातल्या आहेत. खेळात कोरी कशालेही चालते. घरात चालत नाही. जल्मल्यावर या, रडतं कसं ते ऐकू, मग पाहू."

मुलगी रुसली. नवरा हसला. मी मनात म्हटलं, ह्या बाईचा धंदा होणार नाही. झालाही नाही तसा. पण माणसं येत राहिली, कारण फ्रेम घरी नेली की घरातले लोक तिच्यापुढं थांबत होते. मी इतके फोटो मढवले, त्यांच्यापुढं कोणी थांबताना मी पाहिलं नाही. हार घातला की काम संपलं.

बाईंले उत्सुकता म्हणजे रोग होता. भाजीवाल्याले विचारणार, तुझी माय तुले काय म्हणते. दुकानासमोर गाड्या लावून ठेवणाऱ्या क्लासच्या पोरांले झापणार, अन् झापता झापता घरी काय म्हणतात तेही काढून घेणार. मी एकदा विचारलं, "बाई, तुमाले घरी काय म्हनत होते?" त्या चकत्या पुसत होत्या. म्हणाल्या, "माझ्या घरी रेडिओ बोलतो. तो कोणाचंच नाव घेत नाही." त्याच्या पुढं त्या गेल्या नाहीत, अन् मीही खोदलं नाही. दुसऱ्याचं खोदायची सवय त्यांना होती, मले नव्हती.

आता माझ्या घरचं सांगावं लागते, नाही तर पुढचं कळणार नाही.

माझी बायको बाईंच्या जायच्या दोन वर्षं आधी गेली. मी जगाचे मेलेले मढवले, पण तिचा फोटो माझ्यानं मढवल्या गेला नाही. दुकानाच्या खणात पडला आहे, अजूनही. माप घ्यायले काढतो अन् ठेवून देतो.

माझा पोरगा विलास अकोल्याले नोकरीवर. त्यानं तिथं घर बांधलं. ते घर व्हावं म्हणून त्याच्यापेक्षा जास्त त्याची माय मागं लागली होती. भाड्याच्या खोलीत माझं म्हातारपण जाऊ नये, असं तिचं म्हणणं. छताचा स्लॅब टाकून झाला अन् ती गेली. विलासनं वास्तूसाठी बाईंकडं फ्रेम सांगितली. त्यात नावं चार. विलास, त्याची बायको सविता, पोरगी पल्लवी, अन् मी पुंडलिक. मी फोनवर विचारलं, "अन् तुही माय?"

"बाबा, आईचा फोटो लावूच ना देवघराच्या बाजूले. पन नावाच्या फ्रेमीत जित्या मानसाचीच नावं असतात. सविताची आई म्हने, वास्तूच्या दिवशी गेलेल्याचं नाव भितीवर बरं नाई."

"ते घर तिनं मांगतलं होतं," मी म्हटलं, अन् फोन ठेवला.

बाई समोर बसून सगळं ऐकत होत्या. म्हणाल्या, "पाच नावं करू."

"पोरगा नाई म्हनून राहिला ना."

"पोराचं नंतर पाहू. चार जणांचं काही नाही. त्या घरात तिघं एकमेकांले पूर्ण नावानं हाक मारतात, तुमच्या सुनेची शिस्त आहे, मी जाऊन ऐकून आले. तुम्हाले सारा बाजार पुंडलिक म्हणते. तुमच्या बायकोचं काय? कोणतं नाव लावू?"

"शांता."

"तुम्ही शांता म्हणत होते?"

"मी? नाई. मी 'आयकलं का' म्हनो."

"सासू?"

"धाकली."

"पोरगा आई म्हणत असेल. शेजारचे वहिनी. मग शांता कोण म्हणत होतं?"

मी विचार केला. कोणीच नाही. ते नाव मीच ठेवलं होतं, म्हणजे माझ्या हातानं ठेवल्या गेलं. लग्नात ताटात तांदूळ पसरून नवरीचं नवीन नाव लिहितात, ते मी अंगठीनं लिहिलं. माहेरचं नाव यमुना. आमच्या घरात एक यमुना आधीच होती, माझी चुलती. एका घरात दोन यमुना कशा चालतील? म्हणून मामानं कानात सांगितलं, शांता लिही. मी लिहिलं. तांदूळ खिरीत गेले, नाव रेशन कार्डावर गेलं.

"मग यमुना लावू?" बाई म्हणाल्या.

"यमुना म्हटलं तर मले चुलतीच दिसते."

बाईंनी चकत्या डब्यात भरल्या. "जित्या माणसाच्या घरी चहाले जाता येते," त्या म्हणाल्या. "गेलेल्याचं विचारत फिरावं लागते. तिचं माहेर कुठलं?"

"बार्शीटाकळी."

"उद्या दुकान बंद ठेवा."

मी म्हटलं, बाई, म्हाताऱ्या माणसाले कशाले फिरवता. त्या म्हणाल्या, "तुम्ही नाही आले तर मी एकटी जाईन, अन् तिथं सांगेन की जावई आला नाही." मग काय करता. अकोल्यापर्यंत एक बस, तिथून दुसरी. बाई खिडकीशी. वाटेतल्या प्रत्येक गावाचं नाव वाचत चालल्या होत्या.

माझा साळा भिकाजी केव्हाच वारला. त्याची बायको आहे. तिनं पाणी दिलं, रडून घेतलं, मग बाईच्या प्रश्नांनी चकरावली. "आमी नणंदबाई म्हनत होतो जी. मी लगन होऊन आली अन् थ्या सासरी गेल्या, मले काय माहीत? मागच्या वेटाळात कौसल्याबाई हाय, थिले इचारा. दोघी संगच वाढल्या."

मागच्या वेटाळात, म्हणजे मागच्या आळीत, कौसल्याबाई ओट्यावर बसून तुरीची दाळ निवडत होती. कानानं कमी. साळ्याच्या बायकोनं ओरडून सांगितलं, यमुनाबाईचे मालक आले. म्हातारीनं माझ्याकडं डोळे बारीक करून पाहिलं.

"कोनाचा मालक?"

"यमुनाचा," मी म्हटलं.

"कोन यमुना?"

"भिकाजीची बहीन. अमरावतीले दिली होती ती."

म्हातारीच्या हातातलं सूप थांबलं. "टिटवी!" ती म्हणाली. "आवो, टिटवी म्हना ना! यमुना यमुना काय लावलं?"

बाई लगेच ओट्यावर बसल्या, अगदी म्हातारीच्या कानाशी. "टिटवी काहून?"

"आवाज होता ना थिचा! ह्या आळीतून ओरडली का नदीपल्याडच्या वावरात बाप हातचा विळा टाके. जवारी राखाले मचानावर आमी चार पोरी, पन पाखरं उडत थिच्या एकटीच्या बोंबेनं. मंग तं सारं वेटाळ थिलेच सांगे. टिटवे, माह्या पोऱ्याले बलाव. टिटवे, आमचे धनी पाटलाच्या वावरात हायेत, जेवाले बलाव. ओट्यावर उभी राहे अन् कोनाचंबी नाव घेऊन असं काही लंबं लावे, का मानूस अर्धा रस्ता चालून आल्यावर हाक संपे." मग तिनं माझ्याकडं पाहिलं. "कावून जवाईबापू, तुमच्या घरी ओरडत नव्हती का?"

"हळू बोले ती."

"हळू?"

"शेजारच्या खोलीत ऐकू जात नव्हतं."

म्हातारी हसायलाच लागली. दात नव्हते, सगळं अंग हलत होतं. "मंग तुमी कोनतीतरी दुसरीच नेली लगनातून. आमची टिटवी बदलून घेतली कोनं!" हसता हसता तिनं डोळ्याले पदर लावला अन् मग विचारलं, कधी गेली. तिले कोणी कळवलं नव्हतं.

परतीच्या बसमध्ये माझं डोकं तापलं होतं. इतकी वर्षं एका बाईच्या हातचं खाल्लं, अन् तिचा आवाज मले ठाऊक नाही. कोणी दाबला, केव्हा दाबला? माझी माय कडक होती, पण तिनं कधी "हळू बोल" म्हटलेलं मले आठवत नाही. मीही म्हटलं नाही. कोणीच म्हटलं नाही अन् तरी आवाज गेला. मी बाईंले म्हटलं, "तुमी काहून नेलं मले तिथं? मले शांताच बरी होती."

एरवी त्या उत्तर दिल्याशिवाय राहत नव्हत्या. त्या दिवशी मूर्तिजापूरपर्यंत खिडकीतून गावांच्या पाट्या वाचत राहिल्या. मग गाठ सोडून थोडी बडीशेप माझ्या हातावर ठेवली. म्हणाल्या, "टिटवी लावू का नको, ते तुम्ही सांगा. माझं विचारायचं ते विचारून झालं."

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडताना म्हटलं, "लावा."

त्यांनी पाचही नावं पुठ्ठ्यावर मांडली. टिटवी उभी, पल्लवी आडवी, दोघींची वी एकच. विलास अन् सविता शेजारी एकमेकांत अडकलेले. माझं पुंडलिक कुठंच अडकेना. बाईंनी चारही बाजूंनी लावून पाहिलं. शेवटी सगळ्यांच्या खाली नुसतं टेकवून ठेवलं. "तुम्ही फ्रेमवाले," त्या म्हणाल्या, "तुम्ही काठालेच राहा."

वास्तूच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं अकोल्याले गेलो. फ्रेम जुन्या चादरीत गुंडाळून बाईंच्या मांडीवर. घर नवं, रंगाचा वास, हॉलमध्ये फरशीचे उरलेले खोके. सवितानं चादर सोडली अन् वाचलं.

"टिटवी? हे कोन आता?"

"तुही सासू," मी म्हटलं.

"काय बोलता बाबा! आईचं नाव शांता होतं ना?"

"नव्हतं."

"अवो पन टिटवी! रातच्याले टिटवी ओरडली का आमच्या गावात लोकं दिवा लावून बसतात, घरात कोनी जाते म्हनून. उद्या वास्तू हाय, माही माय येऊन राह्यली, अन् भितीवर टिटवी?"

मले वाटलं, आता बाई तिले फाडून खातील. वकिलाले सोडलं नव्हतं त्यांनी. पण त्या खोक्यावर बसल्या, चष्मा पुसायला घेतला अन् म्हणाल्या, "मले विचारू नको सविता. ती माझी सासू नव्हती."

म्हणजे सांगणं माझ्यावर आलं. मी सांगितलं. बार्शीटाकळी, मचाण, नदीपल्याडचा बाप, वेटाळातल्या हाका. मले सांगता येत नाही नीट, पण सांगितलं. विलास दारात उभा होता, हातात ड्रिल.

"आई?" तो म्हणाला. "आपली आई ओरडायची? बाबा, मले तं आईचा मोठा आवाज आठवतच नाई."

"तुले कसा आठवन," मी म्हणालो, अन् बोलता बोलताच मले आठवलं. तोपर्यंत नव्हतं आठवलं, शपथेवर सांगतो. "तू लहान होता. दुकानाच्या पायरीवरून उतरून रस्त्यात गेला होता, चेंडूमागं. तिकून ट्रक. मी आत काच कापून राहिलो होतो. तुही माय समोरच्या पिठाच्या गिरनीपाशी. थिनं तुह्या नावानं हाक मारली. इल्लाऽऽस. माह्या हातातली काच तडकली. ट्रकवाल्यानं ब्रेक मारला, सायकलवाले उतरले, गिरनीवाल्यानं पट्टा बंद केला. अन् तू जागीच उभा, पुतळ्यावानी. लोकं म्हनत, ट्रकवाला देवमानूस. मी म्हनो, भेवानं ओरडली बिचारी. भेवाचा आवाज नव्हता तो. तिचाच होता."

विलास खाली बसला. ड्रिल मांडीवर. बराच वेळ तो त्या वायरचा पीळच सोडवत होता.

सविता फ्रेम हातात घेऊन उभी. "मले हाक माराची असली," ती म्हणाली, "तं आई खोलीच्या दारापाशी येऊन उभ्या राहत. मी पाह्यलं का मंग बोलत. मी एकदा चिडली होती, म्हटलं, तिथूनच आवाज द्या ना, भूतावानी येऊन काय उभ्या राहता." तिनं वाचलं पुन्हा. मग म्हणाली, "सैपाकघरात लावू. तिथं बाहेरचं कोनी येत नाई."

माझं टाळकं सरकलं. "जिंदगीभर सैपाकघरातच होती ती. आता नावबी तिथंच कोंडता?"

"मंग मी काय करू बाबा? हॉलमधी माही माय राहू देनार नाई. टिटवी घरात नसते ठेवत!"

बाईंनी चष्मा घातला. शेवटी सविताच दाराकडं गेली, उंबऱ्यावर उभी राहून बाहेर पाहिलं, भिंतीवर हात फिरवला.

"बाह्येर लावा," ती म्हणाली. "दाराच्या बाजूले, छपरीत. पाखरू घरात नको, मले मान्य हाय. पन बाह्येर ओरडू द्या तिले. बाह्येर ओरडली तं कोनाचं काय जाते? मायले मी सांगतो, नावाची पाटी हाय, आमच्या सासूबाईची."

"पाण्यानं खराब होईल," विलास म्हणाला.

"काच तुमच्या बापानं बसवली आहे," बाई म्हणाल्या, अन् उठल्या.

विलासच्या ड्रिलले वीज मिळेना, मीटर अजून बसायचं होतं. बाईंनी हातोडी मागितली. आम्ही तिघंही म्हणालो, बाई तुम्ही नका चढू. त्यांनी ऐकलं नाही. स्टूल ओढलं, पदर खोचला, खिळा ओठात धरून चढल्या. ठोकला. फ्रेम लटकवली. मग मानेनंच मले खुणावलं, लांब जा, रस्त्यावरून पाहा, सरळ आहे का.

मी फाटकाबाहेर गेलो. रस्ता ओलांडला. तिकडून मले अक्षरं वाचता येत नव्हती, माझी नजर आता तेवढी राहिली नाही. दिसत होत्या त्या बाई, उंच, वाळक्या, नव्या रंगाच्या भिंतीले एक हात लावून स्टुलावर उभ्या, दुसरा हात फ्रेमवर.

"भाऊ! सरळ आहे का?" त्यांनी तिकडून विचारलं.

फ्रेम डावीकडून खाली होती. एवढं मले दिसते, जिंदगीभर तेच पाहिलं आहे. मी सांगितलं, पण मधून एक ट्रॅक्टर गेला, त्यांना ऐकू गेलं नाही. त्यांनी कानाले हात लावला. मी तोंडाभोवती दोन्ही हात धरले अन् पोटातून ओरडलो, डावीकडून उचला. शेजारच्या घरातली बाई गॅलरीत आली. सविता दारातून म्हणाली, "बाबा, हळू ना, लोकं पाहून राह्यले!" विलास तिच्या मागं उभा होता.

स्टुलावर पाठकबाईंनी मान वळवून माझ्याकडं पाहिलं. हसल्या. मग फ्रेमचं डावं टोक बोटभर उचललं अन् पुन्हा विचारलं, "आता?"

"अजून!" मी ओरडलो.